बिनपंखीचं बोलावणं

छोटीला एकसष्ट वर्षं पूर्ण झाली होती, तरी दादाच्या लेखी ती छोटीच. बाकी सगळी गल्ली तिला आल्टरबाई म्हणायची, कारण नवं कापड ती शिवायला घेतच नसे. लोकांचे जुने कपडे घ्यायचे, सैल असेल ते आवळायचं, आवळत असेल ते सोडायचं, हा तिचा धंदा. "वाढलेली पोटं आणि उतरलेली पोटं, दोन्हींवर माझं पोट चालतं," असं ती हसून सांगायची.

दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याने लग्न केलं नाही, तिचा नवरा लवकर गेला, त्यामुळे गेली वीस वर्षं दोघं भावंडं एकाच घरात राहत होती. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या खोलीत त्याची खाट, आणि त्यामागे चार पावलांचं अंगण. दादाची उभी हयात मोजणी खात्यात नकाशे काढण्यात गेली होती. अख्ख्या शहराच्या गल्लीबोळांवरून त्याचा हात फिरला होता. आणि आता त्याच माणसाला खाटेवरून न्हाणीघरापर्यंतची वाट सापडत नव्हती. छोटीने शेवटी शिवणाच्या निळ्या खडूने भिंतीवर बाण काढले. ते बघून तो म्हणाला, "बाण ठीक आहेत, पण प्रमाण कुठे दिलंय?" त्यानंतर मात्र त्याचं बोलणं तुटत तुटत गेलं. एखादा शब्द, कधी अर्धा, कधी नुसतं हुं.

त्या उन्हाळ्यात अंगणातल्या गुलाबाची पानं कोणीतरी खायला लागलं. एका सकाळी छोटी पानं उलटी करून बघत होती, तर एका फांदीवर सापडलाच चोर. करंगळीच्या दोन पेरांएवढा सुरवंट. राखाडी अंग, त्यावर लाल ठिपके, पाठीवर पिवळट केसांचे चार झुबके एका ओळीत, जणू दात घासायच्या ब्रशाचे तुकडे कापून चिकटवलेत. डोक्याशी काळ्या केसांची दोन शिंगं, मागे तसलंच एक शेपूट. छोटीला शहारा आला. तिने पायातली चप्पल काढली.

मागून तिचं मनगट कोणीतरी धरलं. दादा कधी बाहेर आला होता कोण जाणे.

"थांब," तो म्हणाला. "तिला मोजायचंय."

चार महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य. छोटीने चप्पल पायात सरकवली आणि लोणच्याची रिकामी बरणी आणायला आत गेली.

बरणीवर अस्तराचा तुकडा बांधला, आत गुलाबाच्या फांद्या घातल्या, आणि दादाला काम मिळालं. रोज सकाळी तो बरणीला टेप लावून सुरवंटाची लांबी बघायचा आणि छोटीच्या मापांच्या वहीत लिहायचा. कोणाची छाती, कोणाची कंबर, आणि मध्येच दादाच्या सुबक अक्षरात, "लांबी एक इंच, अधिक एक सूत." खाली चित्र. झुबके, शिंगं, पायांच्या जोड्या, सगळं बिनचूक. ज्या हाताला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, तो हात पेन्सिल धरली की थरथरायचा नाही.

"आज किती खाल्लं त्याने?" छोटी विचारायची.

"तिने."

"अरे, तो सुरवंट ना? तो."

"ती," दादा म्हणायचा आणि विषय संपवायचा.

बरणी साफ करताना छोटीच्या हातावर लाल पुरळ उठलं. ती गल्लीच्या टोकाच्या नर्सरीवालीकडे गेली. गुलाबाची रोपं हिच्याकडचीच. मोठा आवाज, नखांत कायमची माती, आणि जगातल्या प्रत्येक किड्याशी उभा दावा.

"हा ब्रशवाला होय!" नर्सरीवाली पुरळ बघूनच म्हणाली. "त्याचे केस टोचलेत तुला. यंदा जिकडे बघावं तिकडे हेच. मी रोज पंचवीस-तीस चिरडते, आणि तू पाळतेस?"

"मी कुठली? दादा पाळतोय. यातून पुढे निघतं काय?"

"पतंग. नर असला तर छोटासा, तांबूस, पंखावर पांढरा ठिपका. भरदुपारी उडतो. मादी असली तर उडत नाही. तिला पंखच नसतात."

"पंख नाहीत तर पतंग कसली?"

"नुसतं पोट गं, केसाळ. कोशातून बाहेर येते आणि त्याच कोशावर बसून राहते. तिथेच अंडी घालते, तिथेच मरते. जन्मात एक पाऊल पुढे टाकत नाही."

"मग नर कसा सापडतो तिला?"

"बोलावते की. वासाने. आपल्या नाकाला नाही कळत तो. नराला मात्र कुठून कुठून लागतो."

छोटीने घरी येऊन हे सगळं दादाला सांगितलं. तो चित्र काढत होता. मान वर न करता म्हणाला, "ओरडावं लागत नाही तिला."

पुढच्या आठवड्यात बरणी रिकामी दिसली. अस्तराचा तुकडा बाजूला पडला होता. छोटीने खाटेखाली पाहिलं, पडदे झटकले, कापडांचे गठ्ठे सोडले. दादा खुर्चीत बसून होता, तपकिरी स्वेटर घालून, उजवा हात मांडीवर. जेवायला उठेना. "हात धू," म्हटलं तर मान हलवली. शेवटी तिनेच त्याला ओढून उठवायला म्हणून बाही धरली, आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

बाहीच्या घडीत, मनगटाच्या जरा वर, सुरवंट जाळं विणत होता. तोंडातून धागा काढायचा, स्वतःच्या अंगाचे केस उपटल्यासारखे त्यात गुंतवायचा. डोकं डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. टीप घालणाऱ्या सुईसारखं.

"कधीपासून बसलायस असा?"

"सकाळपासून. हललो तर धागा तुटेल."

संध्याकाळ झाली तेव्हा कोश पुरा झाला होता. छोटीने फार जपून स्वेटर काढला आणि मागच्या खिडकीशी खिळ्याला अडकवला. दादाने खुर्ची तिथेच सरकवली. आता तो नकाशे काढू लागला. बारीक बारीक रेघा चारी बाजूंनी यायच्या आणि एका ठिपक्याला मिळायच्या. रस्ते ओळखीचे नव्हते. घरांवरून, भिंतींवरून रेघा सरळ गेलेल्या.

"हा ठिपका म्हणजे आपलं घर का रे?" तिने विचारलं.

"घर कशाला? ती असेल तिथे."

सतराव्या दिवशी कोशावर ती बसलेली दिसली. नर्सरीवालीने सांगितलं होतं तशीच. मळकट, फुगीर, केसाळ, खांद्यांवर पंखांच्या जागी दोन खुरटे गोंडे. दादा म्हणत होता तेच खरं निघालं, 'तो' नव्हे, 'ती'. छोटीने मनात म्हटलं, दोनातला एक अंदाज, लागणारच. तरी दादाची चित्रं असलेली मापांची वही तिने त्या दिवशी उघडली नाही.

कोशावरची ती मादी हलली नाही. सकाळभर नुसती बसून होती, पोटाचं टोक बाहेर काढून, आत घेऊन. दुपारी बाराच्या सुमारास खिडकीच्या काचेवर टिक असा आवाज झाला. मग टिक टिक. छोटी मशीनवरून उठून आली. काचेबाहेर एक तांबूस पतंग धडका देत होता. दुसरा आला. एकच्या आत नऊ झाले. एरवी पतंग कसे भरकटत, हेलकावे घेत उडतात. हे तसे नव्हते. समोरच्या भिंतीवरून नाकासमोर येत होते, जसं कोणी दोरीने ओढून घेतंय.

दादा उठला आणि त्याने खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी कोशावर अंड्यांचा थर होता, तांदळाच्या कण्यांसारखा, आणि ती मादी वाळून खाली पडली होती. झालं, संपलं एकदाचं, असं छोटीला वाटलं. पण बाराच्या ठोक्याला काचेवर पुन्हा टिक टिक सुरू झालं.

दादाने स्वेटर अंगात घातला होता, अंड्यांसकट. पतंग आत आले आणि त्याच्या बाहीवर बसले. पंख मिटून, मिशा पसरून. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. खिडकीबाहेर कुठेतरी त्याची नजर लागली होती.

मग हे रोजचंच झालं. दादा आंघोळीला बसला असताना छोटीने स्वेटर कढत पाण्यात घातला, साबणाने घासला. अंडी घट्ट ती घट्टच, आणि पतंगही तसेच येत राहिले. एकदा एक बाई कोटाची बाही आखूड करायला उभ्या होत्या. छोटी तोंडात टाचण्या धरून बसलेली. दोन पतंग त्या बाईंच्या कानावरून गेले आणि आतल्या खोलीच्या दारातून सरळ आत शिरले.

"अगं बाई! तुमच्या घरात आत काय आहे?" बाईंनी विचारलं.

टाचण्या तोंडात होत्या म्हणून बरं. छोटीने बाही दुमडून पुढची टाचणी लावली.

नर्सरीवाली म्हणाली, "तो वास जाता जात नाही. कापडात मुरतो. त्या स्वेटरला काडी लाव."

"त्याच्या अंगातून पुन्हा काढू देईल तर ना. आणि खरं सांगू? त्याच्या जवळ बसायचीच मला भीती वाटते हल्ली. तो काही करत नाही. नुसता बसतो. पण असा बसतो की कोणीतरी येणार आहे."

"येतात तर आहेत."

"ते पतंग गं. मला वाटतं, तो त्यांची वाट बघत नाहीये."

मग तो दिवस आला. सकाळी अकराची वेळ. पुढच्या खोलीत एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टची उंची घेता घेता छोटीला आत फार शांत वाटलं. ती गेली तर खुर्ची रिकामी. अंगणाचं दार उघडं.

गल्ली पालथी घातली. बसथांबा, दवाखाना, बाग, पूल. नर्सरीवाली एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने. पोलीस चौकीत शिपायाने विचारलं, "अंगात काय होतं?"

"तपकिरी स्वेटर."

"या उकाड्यात?"

"हो. तो काढतच नाही तो."

शिपायाने लिहून घेतलं. रात्र कशी गेली ते तिचं तिला माहीत. उजाडल्यावर पुन्हा निघाली, पाय जातील तिकडे. लोकांना विचारून विचारून घसा बसला. दुपार झाली तेव्हा ती घरापासून दोन-अडीच मैल लांब, गोदामांच्या बाजूला, एका चौकात उभी होती. कुठे वळावं ते कळेना. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. वारा समोरून येत होता.

तिच्या कानाशी काहीतरी फडफडलं. एक तांबूस पतंग तिला मागे टाकून वाऱ्याच्या तोंडावर पुढे गेला. छोटी तशीच उभी. मग दुसरा, त्याच रेषेत. मग पलीकडच्या फुटपाथवरून तिसरा. तिन्ही एकाच बोळात शिरले.

तिला तेव्हा काही सुचलं, काही उमगलं, असं झालं नाही. ती नुसती चालायला लागली. बोळातून, गॅरेजच्या आवारातून, एका लांबलचक भिंतीच्या कडेने. पतंग दिसेनासे झाले की थांबायची. थोड्या वेळाने पाठीमागून आणखी एक यायचा आणि तिला वाट दाखवल्यासारखा पुढे जायचा. शेवटी एक बंद इमारत आली. एकमजली, विटांची, खिडक्यांना पत्रे ठोकलेले. भिंतीत वरच्या अंगाला हातभर रुंदीचा झरोका होता, आणि त्याच्या जाळीवर पतंगच पतंग. काही आत शिरत होते, काही जागेसाठी एकमेकांवर चढत होते. आवाज असा येत होता, जसं कोणी आत कागद हळूहळू चुरगाळतंय.

राखणदार स्टूलवर पेंगत होता. "जुनं मोजणी ऑफिस आहे, बाई," तो म्हणाला. "नकाशांचं कोठार. खातं नव्या इमारतीत गेलं. इथे तीन वर्षं कुणी पाऊल टाकलं नाही."

"उघडा."

"पण बाई, आत कोणी..."

"माझा भाऊ आहे आत. उघडा!"

पुढचं कुलूप गंजलेलं, उघडेना. दोघं मागे गेले. मागे लोखंडी दार होतं, बिनकुलपाचं. पण बाहेरून खटका दाबल्याशिवाय ते उघडत नव्हतं. आतली मूठ कधीच तुटून पडली होती. जो आत गेला आणि ज्याच्यामागे दार लागलं, तो आतच राहणार. आणि हाका मारल्या तरी पुढच्या अंगाला पेंगणाऱ्या राखणदाराशिवाय ऐकायला आसपास कोण होतं?

आत अंधार होता. मांडण्यांवर गुंडाळ्या, धुळीचा वास. झरोक्यातून उजेडाची एक पट्टी खाली येत होती, आणि पट्टीच्या टोकाला, जमिनीवर, भिंतीला टेकून दादा बसला होता. छातीवर, हातांवर, मानेवर, कानांमागे, केसांत पतंग. इतके, की पहिल्यांदा छोटीला वाटलं त्याने स्वेटरच घातलाय. मग तो स्वेटर हलला. राखणदार दारातच थबकला. "अरे देवा," एवढंच म्हणाला.

दादाचे डोळे उघडे होते. ओठ वाळून तडकले होते. त्याने छोटीकडे पाहिलं, आणि गेल्या कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं तसं ओळखून पाहिलं.

"आलीस?" तो म्हणाला. "किती वेळ बोलावतोय."

छोटी त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी पतंग बाजूला सारायला लागली. ते उडत नव्हते. सारले तसे सरकायचे आणि परत यायचे. हाताखाली पांढरा शर्ट लागला. नुसता शर्ट. ती थांबली.

"दादा, स्वेटर कुठंय?"

"घरी," तो म्हणाला. "उकडत होतं."

आणि स्वेटर घरीच होता. न्हाणीघराच्या दारामागे, खुंटीला, नीट घडी करून टांगलेला. आदल्या दिवसापासून तो तिथे असणार. तिने बघितला नव्हता. खोलीतली खिडकी सताड उघडी होती, आणि त्या स्वेटरवर एकसुद्धा पतंग नव्हता.

"कातडीत मुरला असेल वास," नर्सरीवाली म्हणाली. "एवढे दिवस अंगात घालून बसायचा." पायात चप्पल सरकवत तिने पुन्हा म्हटलं, "असेल." मग तिने चहासुद्धा घेतला नाही, निघून गेली.

दादा दोन दिवसांत पाणी-पेज घेऊन सावरला. पतंग येत राहिले, पण दिवसेंदिवस कमी. चार, दोन, एक. हवेत गारवा आला तशी अंगणातली पानं गळाली. सगळ्यात शेवटचा पतंग एका ढगाळ दुपारी आला आणि अंधार पडेपर्यंत दादाच्या मनगटावर बसून राहिला. तो गळून खाली पडला तेव्हा दादा म्हणाला, "आता कोणी नाही येणार." त्यानंतर तो बोलला नाही. एक शब्दही नाही.

थंडी सुरू झाली तसा तो अंथरुणाला खिळला. आणि तेव्हापासून छोटीच्या बाबतीत एक होऊ लागलं, जे तिने नर्सरीवालीलाही सांगितलं नाही. मशीन चालवता चालवता तिचा पाय आपोआप थांबायचा. ती उठायची, आत जायची, आणि दारात पोचल्यावर मनाशी म्हणायची, मी का उठले? दादा जागा असायचा. घसा कोरडा, नाहीतर पांघरूण सरकलेलं, नाहीतर कूस बदलायची राहिलेली. आवाज केलेला नसायचा. हाक तर नाहीच नाही. पाणी पाजून ती परत मशीनवर यायची. एकदा ती समोर माणूस उभा असताना, त्याच्या पाठीला अर्ध्या टाचण्या लावून, तशीच उठून गेली. तो माणूस बिचारा हात वर करून ताटकळत राहिला. दादाला ठसका लागला होता, ओठ निळे पडत होते. ती वेळेत पोचली.

त्यानंतर तिने विचार करणं सोडून दिलं. बोलावणं आलं की जायचं. चुलीवर काही असो, सुईत दोरा असो. कधी दिवसातून वीसदा. भीती वाटायची ती हळूहळू सवयीत जिरली, जशी शेजारच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक जिरते.

थंडी सरत आली होती. सकाळचं ऊन मशीनवर पडलं होतं. छोटी एका जाड पडद्याची लांब तळपट्टी शिवत होती. मध्येच तिचा पाय मंदावला. ती कान देऊन बसली. रस्त्यावरची सायकल ऐकू आली, कोणाच्या तरी नळाचं पाणी ऐकू आलं. पण इतके महिने घरात जे काही तिला धरून होतं, ओढत होतं, ते सैल पडलं होतं. कुठूनच काही येत नव्हतं.

तिला कळलं.

ती लगेच उठली नाही. राहिलेली टीप तिने शेवटपर्यंत घातली, दोरा कापला, पडद्याची घडी केली. मग आत गेली.